पाटबंधाऱ्यांची किंमत कशानें मोजावी?

एखादें धरण पुरें झालें म्हणजे त्याखालीं अमुक हजार हेक्टर 'सिंचनक्षमता निर्माण झाली' असा आंकडा अहवालांत छापला जातो, व तेवढी जमीन भिजूं लागली असें वाचणारा समजतो. हा आंकडा कागदावर काढलेला असतो, हें आमच्या वाचकांनीं प्रथम ध्यानांत घ्यावें.

तो काढण्याची रीत अशी. धरणांतील वापरण्याजोगें पाणी किती हें ठरवितात, पिकांची एक वांटणी गृहीत धरतात, व प्रत्येक पिकास हेक्टरीं लागणारें पाणी धरून भागाकार करितात. समजा, शेतावर 10 लक्ष घनमीटर पाणी पोहोंचलें. रब्बी ज्वारीस हेक्टरीं 4,000 घनमीटर धरले तर 250 हेक्टर भिजतील. त्याच पाण्यावर ऊस लावला व त्यास हेक्टरीं 20,000 घनमीटर लागले, तर 50 हेक्टरांतच सारें आटोपतें. कागदावर मात्र 250 हेक्टर तसेच राहतात! गाळ, पाटाची गळती, शहरांकडे वळविलेलें पाणी, यांची वजावट मागाहून सहसा कोणी करीत नाहीं.

याच्या उलट टोकाचा आंकडाही फसवा असूं शकतो. महाराष्ट्राच्या 2011-12 च्या आर्थिक पाहणींत पिकाखालील एकूण क्षेत्राशीं ओलिताचें प्रमाण 2000-01 सालीं शेंकडा 17.8 व 2009-10 सालीं 17.9 दिलें होतें. इतक्या वर्षांत अवघा एक दशांश टक्का, म्हणून मोठा गदारोळ उठला व 2012 च्या अखेरीस सरकारनें श्वेतपत्रिका काढिली. पण 2009 चा पाऊस तुटीचा होता. शिवाय पिकाखालील क्षेत्र वाढलें, तर भिजलेलें क्षेत्र वाढूनही टक्का जागचा हलत नाहीं. खर्चाचा हिशेब मागणें रास्तच होतें. हातीं घेतलेलें माप लंगडें होतें, इतकेंच.

शेपटाकडील शेतकऱ्यास दोन्ही आंकडे निरुपयोगी. त्याची जमीन लाभक्षेत्रांत धरलेली असते, परंतु पाळी त्याच्यापर्यंत येईतों चारी कोरडी पडते. 2005 च्या कायद्यानें पाणीवापर संस्थांस पाणी घनमापानें मोजून देण्याची तरतूद केली आहे. तेव्हां संस्थांनीं लघुकालव्याच्या मुखाशीं किती पाणी आलें, पाळ्या किती झाल्या व त्यांपैकीं किती शेवटच्या चारीवर पोहोंचल्या, याची वही हंगामवार ठेवावी. मुखाशीं मापक नसेल तर तो बसवून घेण्याचा अर्ज हंगामापूर्वींच करावा.