इडली सकाळची, पनीर रात्रीचं

महाराष्ट्रातल्या कुठल्याही बऱ्यापैकी गावात स्टेशनच्या किंवा एसटी स्टँडच्या आसपास एक हॉटेल असतंच. पाटीवर देवाचं किंवा नदीचं नाव, त्याखाली ‘शुद्ध शाकाहारी फॅमिली रेस्टॉरंट’, गल्ल्यामागे हार घातलेली तसबीर, आणि इडलीपासून व्हेज मंचुरियनपर्यंत सगळं असलेलं जाडजूड मेनूकार्ड. या हॉटेलाबद्दल दोघांना विचारा. एक म्हणेल, असा डोसा जिल्ह्यात मिळायचा नाही. दुसरा म्हणेल, पाऊण तास ताटकळत ठेवलं आणि शेवटी भाजी आली ती कोमट. दोघंही खरंच सांगतात. पहिला सकाळी आठला गेलेला असतो आणि दुसरा रविवारी रात्री नऊला. त्या दोन वेळांना त्या एका छपराखाली दोन वेगळी हॉटेलं चालू असतात.

या हॉटेलाचं मूळ उडुपीत. श्रीकृष्ण मठाच्या परिसरात स्वयंपाक हीच विद्या मानणारी माणसं दक्षिण कन्नडमधून मुंबईला आली, ती माटुंगा, फोर्ट, गिरगावात स्थिरावली. माटुंग्याला 1942 साली रामा नायक यांनी सुरू केलेलं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग आजही केळीच्या पानावर जेवण वाढतं. पुढे या धंद्यात बंट समाजाचे शेट्टी मोठ्या संख्येने आले. कर्नाटकात 1974 च्या जमीन सुधारणांनंतर पुष्कळ जमिनी कुळांकडे गेल्या आणि अनेक बंट घरांतल्या पोरांना शहराची वाट धरावी लागली. दिवसा टेबल पुसायचं, रात्री कन्नड नाइट स्कूलमध्ये जायचं आणि काही वर्षांनी गल्ल्यावर बसायचं, असा त्यांतल्या कित्येकांचा प्रवास. जयराम बनान यांचा प्रवासही असाच. घरातून पळून आलेला हा मुलगा पनवेलजवळच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये राबला आणि 1986 मध्ये दिल्लीच्या डिफेन्स कॉलनीत त्याने ‘सागर’ उघडलं. पुढे त्याचंच ‘सागर रत्न’ झालं.

या मंडळींनी महाराष्ट्राला एक मोठी गोष्ट दिली, असं मला मनापासून वाटतं. बायकापोरांसकट, म्हाताऱ्या आईसकट, खिशाला फार चाट न लावता बसता येईल अशी जागा आपल्याकडे त्याआधी कमीच होती. इराण्याकडे बायकांसाठी वेगळी फॅमिली रूम असायची आणि खानावळी बहुतेक पुरुषांच्याच. उडप्याने सगळ्यांना एकाच हॉलमध्ये बसवलं, स्टीलच्या पेल्यात गार पाणी आणून ठेवलं आणि पोरासाठी न मागता एक रिकामी वाटी दिली.

आता ती सकाळ. डोशाचं पीठ आदल्या संध्याकाळी वाटून ठेवलेलं असतं. उडीद आणि तांदूळ वेगवेगळे भिजवतात, उडीद हलका होईपर्यंत वाटतात. मग रात्रभर तांदळा-उडदातलेच जिवाणू ते पीठ आंबवतात. मुंबईच्या उकाड्यात सातआठ तासांत पीठ वर येतं, नाशिक-पुण्याच्या डिसेंबरात त्याला कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून थंडीत सकाळी सहाची इडली जरा दडस लागते आणि दहाची हलकी. गिऱ्हाईक म्हणतं, आज बिघडली. बिघडलेलं काही नसतं, पिठाला अजून वेळ हवा असतो.

तव्यापाशी उभा असलेला माणूस या हॉटेलातला सगळ्यात मोलाचा. जाड लोखंडी तवा, मध्ये कडक तापलेला, कडेला जरा कमी. तो पाण्याचा हबका मारतो, पाणी चुर्रकन उडतं, झाडूच्या तुकड्याने तवा झटकून पुसतो आणि क्षणभर थांबतो. तो क्षण महत्त्वाचा. तवा फार तापलेला असला तर पीठ वाटीलाच चिकटून वर येतं, पसरत नाही. निवलेला असला तर डोसा पांढरा राहतो आणि सुटत नाही. सपाट बुडाच्या वाटीने मधून बाहेर गोल गोल फिरवत तो एका वेळी चारसहा डोसे घालतो, आणि पहिल्याला तेल सोडेपर्यंत शेवटच्याला जाळी पडलेली असते. हे हाताचं काम कुठल्या वहीत लिहून ठेवता येत नाही. मे महिन्यात हा माणूस गावी जातो आणि नेहमीचं गिऱ्हाईक पंधरा दिवस कुरकुरत राहतं. पूर्वी तव्यावर कुंदापूर-कारकळकडचा पोरगा असायचा. आता बिहार, ओडिशा, नेपाळमधून आलेला असतो आणि तितकाच निष्णात असतो.

दुपारची थाळी या सगळ्यात कमी तक्रारींची. पदार्थ ठरलेले, घेणारे ठरलेले, बाराला सगळं तयार. भाजी आवडली नाही तरी रोज खाणाऱ्याला उद्या दुसरी मिळणार असते. चारनंतर मात्र सांभाळून. दुपारचा स्वयंपाकी आडवा झालेला, रात्रीचा अजून भाज्या चिरतोय, अशा वेळी पंजाबी मागवणाऱ्याला जे मिळतं त्यावरून त्या हॉटेलाची परीक्षा करणं अन्यायाचं आहे.

रात्रीचं हॉटेल मुळातच उडुपीचं नाही. दिल्लीतल्या दर्यागंजच्या मोती महलाने लोकप्रिय केलेली मखनी चव आणि मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात 1975 च्या सुमाराला नेल्सन वांग यांच्या हातून जन्मलं असं मानलं जाणारं मंचुरियन, हे दोन्ही शेट्टींनी शाकाहारी करून आपल्या मेनूत घेतलं. गिऱ्हाईक मागत होतं. पंधरा जणांच्या घोळक्यात आजोबांना डोसा हवा, सुनेला पनीर, पोरांना नूडल्स. एकाच टेबलावर तिन्ही द्यायचं तर एका मुदपाकखान्यात तीन माणसं आणि तीन चुली लागतात.

पन्नास भाज्या कशा होतात, हे एकदा समजून घ्यावं. संध्याकाळी पातेलंभर ग्रेव्ह्या तयार करतात: कांदा-टोमॅटोची लाल, काजू आणि मगजबीची पांढरी, टोमॅटो-लोण्याची मखनी, आणि वाटलेला पालक. ऑर्डर आली की कढईत दोन पळ्या ग्रेव्ही, भाजी किंवा पनीर, वरून मसाला, क्रीम किंवा मिरची. व्हेज कोल्हापुरी आणि व्हेज हंडी एकाच पातेल्यातून निघतात. यात फसवणूक नाही, याशिवाय वीस मिनिटांत जेवण येणारच नाही. पण ग्रेव्हीतला कांदा नीट परतलेला नसला तर त्या रात्रीच्या सगळ्या लाल भाज्या कच्च्या लागतात. चार टेबलांवर चार वेगळ्या नावांची एकच तक्रार ऐकू येते ती त्यामुळे.

आणि मग रविवार. साडेआठला दाराशी वहीत नावं लिहिलेली, बाहेर बाकावर पेंगुळलेली मुलं. पूर्वी गर्दी डोळ्यांना दिसायची. आता अर्धी गर्दी फोनमधून येते. काउंटरपाशी पार्सलवाली मुलं हेल्मेट घालून उभी आणि ऑर्डरचा कागद छापून येतच राहतो. भट्टीपुढच्या माणसाला टेबल आणि पार्सल यांत फरक दिसत नाही, त्याच्यासाठी दोन्ही कागदच. हॉलमधलं कुटुंब मात्र भरलेली टेबलं मोजत विचारतं, एवढ्याच टेबलांना इतका उशीर का? माझं ठाम मत आहे की दारात आलेल्या माणसाचा हक्क पहिला. ज्यांनी रविवारी रात्री तासदोन तास पार्सल बंद ठेवण्याचं धाडस केलं, त्यांनी आपली नेहमीची गिऱ्हाइकं राखली.

बरीचशी नाराजी तरी चवीची नसतेच. माझ्या ओळखीच्या एका घराने लग्नाचा वाढदिवस अशाच एका हॉटेलात केला. मुलीचं सूप तिखट निघालं. वेटर म्हणाला, “मंचाव असंच असतं.” बाकीचं जेवण उत्तम होतं, पण ते घर तिथे पुन्हा गेलं नाही. दुसऱ्या एका ठिकाणी करपलेली रोटी पाहताच कॅप्टनने ताट न विचारता उचललं, “दोन मिनिटं, काका,” म्हणाला आणि गरम रोटी स्वतः घेऊन आला. त्या काकांना आजही तिथलं जेवण सर्वांत चांगलं वाटतं. भाजी दोन्हीकडे त्याच जातकुळीची होती. गिऱ्हाइकानेही थोडं करावं: तक्रार पहिल्या घासाला, कॅप्टनला सांगावी. ताट संपवून गल्ल्यावर वाद घालण्यात कुणाचंच पोट भरत नाही.

बिलावरून होणारे वाद वेगळे. साध्या हॉटेलात जीएसटी 5 टक्के. सेवाशुल्क आपोआप जोडता येत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये तसे निर्देश दिले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते उचलून धरले. एसी हॉलचे दर जास्त असतील तर ते मेनूवर लिहिलेले हवेत, एवढं मागणं रास्त आहे.

चव बदलल्याच्या तक्रारीमागे आणखी एक कारण आहे, ते बाहेरून दिसत नाही. जुन्या मालकांची मुलं इंजिनिअर झाली, परदेशी गेली. हॉटेल विकत नाहीत, ‘कंडक्टिंग’वर देतात: पाटी तीच, जागा तीच, चालवणारा दुसरा, आणि त्याला महिन्याचं ठरलेलं भाडं काढायचं असतं. “पूर्वीची चव राहिली नाही” हे वाक्य निम्म्या वेळा आठवणींचं असतं. उरलेल्या निम्म्या वेळा मालक खरोखरच बदललेला असतो.

ते कळण्याची एक जागा आहे, ती म्हणजे चटणी. ओला नारळ महाग, त्याची चटणी काही तासांत आंबते, म्हणून चांगल्या हॉटेलात ती सकाळपासून दोनतीनदा वाटली जाते. काटकसर सुरू झाली की सगळ्यात आधी तिच्यातला नारळ कमी होतो आणि डाळं वाढतं. रंग पिवळट होतो, चटणी घट्ट होते, बशीत पसरत नाही. पनीरचा भाव, तेलाचा भाव, ग्रेव्हीतले काजू ही पुढची पायरी. चटणीतला नारळ वाचवणारा मालक तिथवर पोचायला फार महिने घेत नाही.