मोराचा गार्बर्ग : जाड पाते काय देते, काय घेते

आज एकच चाकू पाहू. स्वीडनच्या मोरा गावचे चाकू म्हणजे स्वस्त, हलके, प्लास्टिकच्या मुठीचे. ते रानात नेणाऱ्यांची एक जुनी तक्रार होती. पात्याचा जो भाग मुठीत शिरतो त्याला टँग म्हणतात, आणि प्लास्टिक मुठीच्या बहुतेक मोरांत तो मध्येच संपतो. २०१६ मध्ये मोराक्निव्ह कंपनीने गार्बर्ग आणला. यात टँग मुठीच्या मागच्या टोकातून बाहेर येतो. पाते १०९ मिलिमीटर लांब, ३.२ मिलिमीटर जाड.

असा चाकू हाती आला की लोक आधी ओंडका फोडून बघतात. पाते लाकडावर ठेवायचे आणि पाठीवर दांडक्याने ठोकायचे. मी ही परीक्षा शेवटी घेतो. तळावर चाकूला मुख्यतः कापायचे असते: दोरी, तंबूच्या खुंट्या, भाजी, मासळी.

तेव्हा आधी वाळक्या काठीवरून लांब, पातळ, कुरळे काप काढा. इथे गार्बर्ग उत्तम. धार स्कँडी पद्धतीची, म्हणजे दोन्ही बाजूंचा उतार रुंद आणि सपाट. तो उतार दगडावर टेकवला की कोन आपोआप सापडतो. नवशिक्याला याहून सोपी धार नाही. पण उतार संपला की पाते लगेच पूर्ण जाडीचे होते. गाजर घ्या. ते चिरले जाण्याऐवजी कडकन फुटते. याच कंपनीचा २.५ मिलिमीटर जाडीचा साधा कम्पॅनियन भाजी बरी चिरतो, आणि कितीतरी स्वस्त पडतो.

मग मूठ. हातमोजे न घालता पंधरा मिनिटे खुंट्या तासा, फोड कुठे येणार ते तळहात सांगतो. हात ओला करूनही पकड पाहा. बोटे पात्याकडे सरकू नयेत म्हणून मोठा अडसर इथे नाही. उलटसुलट पकडायला ते सोयीचे, मासळी साफ करताना मात्र जपावे. पाठीच्या कडा काटकोनी आहेत, त्यामुळे फायरस्टीलवर ठिणग्या पाडताना धार खराब होत नाही.

पोलाद स्टेनलेस, १४सी२८एन. कोकण, मेघालय, अंदमान इथल्या पावसात कार्बन पोलाद रातोरात तांबारते, म्हणून मी स्टेनलेसच घ्या म्हणेन. कार्बनचा प्रकारही मिळतो. त्याचा काळा लेप पात्याला वाचवतो, दगडावर घासलेल्या धारेला नाही.

आता ओंडका. स्वीडनचा पाइन मऊ. आपला वाळका खैर किंवा बाभूळ वेगळा. गाठीवर ठोकलेत तर पातळ धार मुडपते, नाहीतर तिला दाते पडतात. टँग शाबूत राहिला तरी त्या दिवशी तो चाकू कामाचा नाही. फोडायला आपल्याकडे कोयता आहे, ईशान्येत दाव आहे. गोरखा जवान खुकरी कमरेला असताना चाकूने लाकूड कशाला फोडेल?

सोबत कोयता असेल तर कम्पॅनियन पुरे. पावसाळी मुलखात एकच हत्यार न्यायचे असेल तर गार्बर्गचे पैसे वसूल.

एक राहिले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या व्याख्येत चाकू हेही हत्यार आहे, आणि लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात हत्यार नेता येत नाही. ताडोबाला किंवा काझीरंगाला निघालात तर तो घरीच ठेवा.