चादरी पोचल्या, पंप राहिला

इब्रामपूर माझं आजोळ. पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेला अगदी खेटून. 2019 च्या ऑगस्टमध्ये तिळारी धरणाचं पाणी सोडलं तेव्हा इब्रामपूर, हणखणे, पलीकडचं साळ, सगळीकडे पाणी शिरलं. आम्ही मित्रांनी इथं दोन दिवसांत पैसे जमवले. भारतातल्या एका मोठ्या संस्थेनं ते घेतले, गावातल्या मुलांच्या मंडळाला 'पार्टनर' केलं आणि चादरी पाठवल्या. मामाचा फोन आला, "चादरी बऱ्या आहेत रे, पण कुळागरातल्या पंपात चिखल बसलाय. विहीर कोण उपसणार?"

पार्टनर केलं, पण विचारलं कोणीच नव्हतं. आम्हीही नाही.

2021 च्या जुलैत गोव्यात पुन्हा पूर आला. या वेळी शहाणे होऊन आधी मामाकडून यादी मागवली, तर पैसेच पाठवता येईनात! सप्टेंबर 2020 मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा, म्हणजे एफसीआरए, बदलला होता. एका संस्थेनं घेतलेला परदेशी निधी आता दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. गावातल्या मंडळाला स्वतःची एफसीआरए नोंदणी कुठून असणार? मोठ्या संस्थेचा हात धरून जायची वाटही बंद.

एक वाट मात्र उरते. भारतीय पासपोर्टवाल्यानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी धरली जात नाही. इथलं नागरिकत्व घेतलेले (ओसीआय कार्ड असलं तरी) आणि इथं नोंदलेलं आपलं मंडळ हे मात्र परदेशी स्रोत. आमच्या घरात मी भारतीय, बायको ओसीआय. जॉइंट अकाउंट एकच, कायद्याच्या नजरेत पैसे दोन जातींचे!

चादरींच्या वेळी काय चुकलं, ते मला अहमदनगर भागातल्या जुन्या कामाबद्दल वाचताना कळलं. 1992 च्या सुमारास सुरू झालेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात पैसा जर्मनीचा, तो सांभाळणार नाबार्ड, काम करणार गावची समिती आणि स्थानिक संस्था. फादर बाखर यांच्या पुढाकारानं 1993 मध्ये 'वॉटर' ही संस्था उभी राहिली, ती या गावांची तयारी करून घ्यायची. मोठा निधी यायच्या आधी गावानं श्रमदान करायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, लहान तुकड्यावर काम करून दाखवायचं. त्यातच वर्ष-दीड वर्ष जाई. मला वाटतं, घाम गाळलेल्या गावाला 'हे नको, ते हवं' म्हणायला संकोच वाटत नाही.

सध्या आम्ही चौघे भारतीय पासपोर्टवाले थोडं थोडं पाठवतो. यादी गावातून येते. यंदा पहिलं काम पंपासाठी उंच चौथऱ्याचं आहे. सिमेंट आमचं, मजुरी गावाची. हिशेबाची एक्सेल शीट ओसीआयवाली बायको सांभाळते.