घरोब्याचे प्राणी : लेखांक सातवा – उंदराची निवड आणि निगा

गेल्या लेखांकात सशाचा विचार केला, तेव्हा वाचकाचे मन त्या प्राण्याकडे आधीपासूनच ओढलेले होते. उंदराच्या बाबतीत ती सवलत नाही. गणेशचतुर्थीला देवाच्या पायाशी बसलेल्या मूषकालाही आपण हळदकुंकू वाहतो, आणि त्याचाच जिवंत भाऊबंद कोठीच्या खोलीत दिसला की घरभर धावपळ उडते. या तिटकाऱ्याला निव्वळ गैरसमज ठरविणे न्यायाचे होणार नाही. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेगने पाऊल टाकले आणि पुढे उंदीर पडू लागल्याची वार्ता येताच माणसे घरांना कुलपे लावून माळावरच्या झोपड्यांत राहावयास जाऊ लागली. आजही पावसाळ्यात भाताच्या खाचरांतून अनवाणी वावरणाऱ्या कोकणच्या शेतकऱ्याला उंदराच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसची बाधा होते. सबब आरंभीच एक गोष्ट निक्षून सांगणे अवश्य आहे : घरात वा शेतात सापडलेले उंदराचे पिल्लू, ते कितीही गोजिरवाणे दिसो, पाळण्याच्या हेतूने कदापि उचलू नये. प्रस्तुत लेख आहे तो पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हाताखाली वाढलेल्या उंदराविषयी.

या पाळीव उंदराची परंपरा घडली ती मुख्यतः इंग्लंडात. १८३५ च्या कायद्याने बैल आणि अस्वले यांच्यावर कुत्रे सोडण्याच्या खेळास बंदी झाली, तेव्हा लंडनच्या गुत्त्यांतून, खड्ड्यात उंदीर सोडून त्यांच्यावर टेरियर कुत्रा घालण्याचा क्रूर खेळ फोफावला, आणि त्यासाठी जिवंत उंदीर पुरविणाऱ्यांच्या हाती मधूनमधून एखादा पांढरा वा चित्रविचित्र रंगाचा जीव लागू लागला. स्वतःस व्हिक्टोरिया राणीचा उंदीरमार म्हणविणारा जॅक ब्लॅक, ज्याची कैफियत हेन्री मेह्यू याने लंडनमधील गरिबांवरील आपल्या ग्रंथात नोंदविली आहे, असे उंदीर निवडून काढून त्यांची वीण वाढवी आणि हौशी लोकांना विकी. पुढे मेरी डग्लस या बाईंच्या खटपटीने १९०१ साली एल्सबरी येथील प्रदर्शनात उंदराला रीतसर प्रवेश मिळाला. मारण्याकरिता पकडलेल्या जातीतून माणसाच्या खांद्यावर निर्धास्त बसणारा प्राणी निपजला, तो पिढ्यान्‌पिढ्या चावरे बाजूला सारून शांत तेवढे वाढविल्यामुळे. म्हणूनच ज्याच्या जवळ वंशाची नोंद आहे आणि जो पिल्लांना लहानपणापासून हाताळतो, अशाच पाळणाऱ्याकडून उंदीर घ्यावा, असा माझा आग्रह आहे.

निवड करताना रंगाकडे सर्वांत शेवटी पाहावे. सुमारे सहा ते आठ आठवड्यांचे पिल्लू छातीखाली एक व मागच्या पायांखाली दुसरा हात देऊन उचलावे (शेपटीला धरून उचलू नये, तिच्यावरची कातडी सोलून निघण्याचा संभव असतो), ते कानाशी न्यावे आणि आपला श्वास क्षणभर रोखून त्याचा ऐकावा. निरोगी उंदराचा श्वास ऐकू येत नाही. खरखर, शिट्टी किंवा बारीक टकटक ऐकू आली, तर ते पिल्लू कितीही लोभस असले तरी घेऊ नये, आणि त्याची भावंडेही घेऊ नयेत; कारण मायकोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म जंतू बहुतेक पाळीव उंदरांच्या श्वसनमार्गात मुक्काम करून असतो, आणि ज्या घराण्यात तो लवकर उसळतो त्यात पुढेही उसळण्याची भीती राहते. नाकाच्या कडेला वा डोळ्याच्या कोपऱ्यात दिसणारा तांबडा डाग पाहून नवखा माणूस घाबरतो. तो रक्ताचा नव्हे; डोळ्यामागच्या ग्रंथीतून पाझरणाऱ्या पॉर्फिरिन या द्रव्याचा तो रंग होय, आणि झोपेतून उठल्यावर तो थोडासा दिसला तर चिंतेचे कारण नाही, परंतु तो वारंवार साचू लागला तर आजाराचा वा मानसिक ताणाचा दाखला समजावा. गुलाबी डोळ्यांचे पांढरे पिल्लू एका जागी उभे राहून डोके डावीउजवीकडे झुलवते, ते मात्र अधू दृष्टीने अंतराचा अदमास घेण्यासाठी. त्यावरून त्याला रोगी ठरवू नये.

श्वासाचा हा नाजूकपणा ध्यानी घेतला की पिंजऱ्याचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. काचेच्या बंद पेटीत मूत्रातून निघणारा अमोनिया कोंडून राहतो व आधीच दुर्बळ असलेल्या फुफ्फुसांना जाळतो. म्हणून तारेचा, चोहीकडून वारा खेळणारा, चढण्याउतरण्यास मजले असलेला पिंजराच हवा. तळाशी देवदाराचा वा चिडाचा भुसा घालू नये, त्याचा जो सुवास आपल्याला प्रिय वाटतो तोच उंदराला अपायकारक होतो. कागदाचे तुकडे पुरेत, ते वरचेवर बदलावेत. उंदराला घाम येत नाही, शरीरातील बरीच उष्णता तो शेपटीवाटे बाहेर टाकतो, तेव्हा विदर्भाच्या उन्हाळ्यात पिंजरा घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवावा आणि जुना माठ आडवा करून आत विसाव्यासाठी ठेवावा.

सोबतीची तजवीज ही त्याहूनही अवश्य. एकटा उंदीर पाळणे, मग मालक कितीही प्रेमळ असो, हा त्या प्राण्यावर अन्याय आहे, आणि या मतात मी तडजोड करणार नाही. उंदीर एकमेकांच्या अंगावर निजतात, एकमेकांचे केस साफ करतात, लुटुपुटीची कुस्ती खेळतात. याक पँकसेप या शास्त्रज्ञाने उंदरांना गुदगुल्या केल्या असता ते सुमारे ५० किलोहर्ट्‌झच्या, आपल्या श्रवणशक्तीच्या फार पलीकडच्या स्वरात किलबिलतात असे आढळले, आणि खेळतानाही त्यांचा हाच स्वर उमटतो. म्हणून एकाच लिंगाचे किमान दोन घ्यावेत. नर थोराड व सुस्त, मांडीवर पडून राहणारे. माद्या चपळ व चौकस. नरमादी एकत्र ठेवण्याची मुभा कोणासही नाही. पाच आठवड्यांची मादीही गाभण राहू शकते आणि जेमतेम तीन आठवड्यांत विते. सुखावलेला उंदीर दात एकमेकांवर हलकेच घासू लागतो, आणि जबड्याचा स्नायू डोळ्यामागून जात असल्यामुळे त्या क्षणी त्याचे डोळे भरभर आतबाहेर हलतात. प्रथम पाहणाऱ्याला हे दृश्य विलक्षण वाटते, पण ते समाधानाचे लक्षण आहे.

अन्नाचा तपशील फारसा अवघड नाही. उंदरांसाठी तयार केलेला संतुलित आहार मुख्य ठेवून त्याला ज्वारी, बाजरी, पालेभाजी, शिजवलेली कडधान्ये, क्वचित उकडलेल्या अंड्याचा तुकडा यांची जोड द्यावी. कच्चे राजमे देऊ नयेत. उंदराला ओकारी करता येत नाही, त्यामुळे चुकीचा घास परत फिरत नाही. त्याला खेळवल्यावर हात धुण्याचा शिरस्ता घरातील मुलांना घालून द्यावा, कारण निरोगी दिसणाऱ्या उंदरापासूनही क्वचित ज्वर येऊ शकतो.

त्याच्या आयुष्याची मुदत दोन, फार तर तीन वर्षांची. माद्यांना स्तनांच्या गाठी पुष्कळदा होतात. लहान प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य उंदीर घरी आणण्यापूर्वीच हेरून ठेवावा. दीड-दोन वर्षांनंतर मागचे पाय अशक्त होऊ लागले की पिंजऱ्यातल्या फळ्या खाली आणाव्यात आणि अन्न भिजवून मऊ करून द्यावे. जोडीतला एक गेल्यावर मागे राहिलेल्यास नवी सोबत कशी जोडून द्यावी, अनोळखी उंदरांची पहिली गाठ कोठे व किती वेळ घालावी, याचा विचार पुढील लेखांकात करू.