गोळी खाऊनही रक्त का वाढत नाही?

वस्तीत मुलींचे हिमोग्लोबिन तपासायला बसलो की आयांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "ताई, शाळेतली निळी गोळी ती खाते. बीट देते, जमेल तेव्हा डाळिंब देते. तरी हिच्या अंगात रक्त का भरत नाही?"

प्रश्न रास्त आहे. आपण ताटात काय वाढले ते बघतो, पण पोटात गेलेल्या लोहाचे पुढे काय होते ते बघत नाही. पोटात जंत किंवा दुसरे परजीवी असतील तर खाल्लेले लोह रक्तापर्यंत पोचत नाही, आणि पोचलेले टिकत नाही. आज त्याविषयीच बोलू.

या वयातच का?

रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनमुळे येतो आणि हिमोग्लोबिन बनायला लोह लागते. तेच मेंदूला आणि स्नायूंना प्राणवायू पोचवते. दहा ते एकोणीस या वयात उंची वाढते, अंग भरते, अंगातले एकूण रक्तही वाढते. म्हणून लोहाची गरज एकदम वर जाते. मुलींची त्यात पाळी सुरू होते आणि दर महिन्याला थोडे लोह बाहेर जाते.

बारा वर्षांवरील मुलीचे हिमोग्लोबिन किमान १२ ग्रॅम हवे. पंधरा वर्षांपुढच्या मुलाचे १३ हवे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभर मुलींपैकी ५९ जणींना रक्तक्षय आढळला. मुलांत हे प्रमाण शंभरात ३१ होते. म्हणजे मुलग्यांनाही तपासायला हवे. "तो काय, पोरगा आहे" म्हणून सोडून देऊ नका.

रक्त पिणारे जंत

सगळे जंत सारखे नसतात. रात्री शौचाच्या जागी खाज आणणारे, दोऱ्यासारखे पांढरे जंत आपल्याला दिसतात, म्हणून आपण घाबरतो. त्यांचा त्रास होतो, पण रक्त कमी होण्याचे मुख्य कारण ते नसतात. रक्त पिणारा जंत आहे अंकुशकृमी. दवाखान्यात त्याला हुकवर्म म्हणतात. तो जेमतेम एक सेंटीमीटर लांब असतो आणि आतड्याला आतून चिकटून बसतो. तो शौचावाटे पडताना सहसा दिसतच नाही.

आजारी माणूस उघड्यावर शौचाला बसला की विष्ठेतून या जंताची अंडी मातीत जातात. ओल आणि सावली मिळाली की त्यातून अळी निघते. अनवाणी पाय तिच्यावर पडला की ती कातडीतून आत शिरते. रक्तावाटे फुप्फुसात, तिथून घशात आणि गिळली जाऊन आतड्यात, असा तिचा प्रवास आहे.

आता हिशोब करू. या जंताच्या लहान जातीचा एक जंत दिवसाला सुमारे ०.०३ मिलिलीटर रक्त घालवतो. मोठ्या जातीचा त्याच्या पाच-सहापट. लहान जातीचे शंभर जंत असतील तर दिवसाला ३ मिलिलीटर, महिन्याला ९० मिलिलीटर, म्हणजे चहाचा एक कप रक्त गेले. पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलीटर जाते. म्हणजे त्या मुलीला महिन्यात दोन-तीन पाळ्या जास्तीच्या आल्यासारखे झाले. आठवड्याची एक गोळी एवढी गळती कशी भरून काढणार?

लोह आत शिरू न देणारे परजीवी

खाल्लेले लोह शोषले जाते ते जठराला लागून असलेल्या लहान आतड्याच्या पहिल्या भागात. जिआर्डिया नावाचा, डोळ्यांना न दिसणारा परजीवी नेमका तिथेच वस्ती करतो. तो दूषित पाण्यातून येतो. आतड्याचे अस्तर तो खराब करतो, मग लोहच नव्हे तर इतर पोषणही नीट शोषले जात नाही. वारंवार चिकट, तेलकट, दुर्गंधी जुलाब, पोट फुगणे, गुडगुडणे, वजन न वाढणे ही त्याची लक्षणे. गोल जंत भूक मारतात आणि अन्नातला वाटा खातात.

तिसरी गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. शरीरात कुठेही संसर्ग आणि दाह असला की आपले यकृत हेप्सिडिन नावाचे द्रव्य जास्त सोडते. त्याने आतड्यातून लोह रक्तात जाण्याची वाट अडते. मुलगी सतत आजारी असेल तर गोळीतले बरेचसे लोह शौचावाटे निघून जाते. म्हणून आजार तसाच ठेवून नुसत्या गोळ्या वाढवून उपयोग होत नाही.

सोलापुरात हे कुठून येते?

आपल्याकडचे रणरणते ऊन आणि कोरडी जमीन अंकुशकृमीच्या अळीला मानवत नाही. उन्हात ती मरते. पण सार्वजनिक नळाभोवतीचा चिखल, फुटक्या गटारीची कड, उसाचा भिजलेला फड, इथे ओल असते, सावलीही असते. संडास नसला किंवा तुंबलेला असला की लोक आडोशाला जातात आणि तो आडोसा अशाच जागी असतो. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे तर महिनोन्‌महिने फडाच्या कडेला राहतात.

पाण्याचेही तसेच. शहरात वर्षानुवर्षे पाणी काही दिवसांआड येते. नळ बंद असताना पाइपात दाब नसतो. तेव्हा फुटक्या जागेतून शेजारच्या गटारीचे पाणी आत ओढले जाते. आलेले पाणी आपण पिंपात चार-पाच दिवस साठवतो आणि त्यात हात घालून तांब्या बुडवतो. गटार साफ करणाऱ्या आपल्या बांधवांना गमबूट आणि हातमोजे मिळत नाहीत, तेव्हा हा धोका त्यांच्या पायावाटे घरापर्यंत येतो. यात आपल्या अस्वच्छतेचा दोष कमी आणि न मिळालेल्या सोयींचा जास्त आहे.

आळशी म्हणण्याआधी

रक्त कमी असलेली मुलगी जिना चढताना दमते, वर्गात पेंगते, पाठांतर विसरते. घरात ती आळशी ठरते, शाळेत मठ्ठ. आपल्या समाजाला अशी लेबले नवी नाहीत. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या गरीब शेतमजुरांनाही शंभर वर्षांपूर्वी लोक असेच आळशी म्हणत. १९०२ साली चार्ल्स स्टाइल्स या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की तिथे अंकुशकृमी पसरला आहे. १९०९ मध्ये रॉकफेलर यांच्या देणगीतून ११ राज्यांत मोहीम सुरू झाली. तपासणीत शाळकरी मुलांपैकी सुमारे ४० टक्के मुलांना हा जंत निघाला. औषध दिले, संडास बांधायला शिकवले. जिथे जंत जास्त होते, तिथे पुढे मुलांची शाळेतली हजेरी आणि साक्षरता जास्त वाढली, असे अभ्यासकांना आढळले. मुले तीच होती, फक्त त्यांचे दुखणे गेले होते.

१० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट

२०१५ पासून आपल्याकडे राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. शाळेत आणि अंगणवाडीत १ ते १९ वयाच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी मोफत मिळते. दोन वर्षांपुढे ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी. गोळी चावून खायची. शाळा सुटलेल्या, कारखान्यात किंवा घरी विड्या वळायला बसलेल्या मुलामुलींनाही अंगणवाडीत ती मिळते. त्यांना आवर्जून घेऊन जा.

काही पालक भीतीने त्या दिवशी मुलांना घरी ठेवतात. तसे करू नका. पोटात जंत जास्त असतील तर थोडी मळमळ किंवा पोटदुखी होते आणि बहुधा लवकर थांबते. मात्र त्या दिवशी मूल आजारी असेल तर बरे झाल्यावर द्या. ही एक गोळी जिआर्डियावर पुरत नाही. जुलाब सारखे होत असतील तर शौचाची तपासणी करून वेगळे औषध घ्यावे लागते. आणि माती, पाणी तेच राहिले तर काही महिन्यांत जंत पुन्हा होतात. वर्षात दोनदा गोळी देतात ती त्यासाठीच.

घरी एवढे करा

• आठवड्याची निळी गोळी जेवणानंतर द्या. चहा किंवा दुधाबरोबर नको. शौच काळे झाले तर घाबरू नका, ते लोहामुळे होते.

• जेवण आणि चहा यात किमान तासाभराचे अंतर ठेवा. चहा लोह अडवतो.

• डाळिंब आणि बीट लाल दिसतात, पण त्यांत लोह थोडेच असते. ज्वारीची भाकरी, मोड आलेली मटकी, हुलगे, राजगिरा आणि पालेभाजी द्या. वर लिंबू पिळा किंवा पेरू, आवळा द्या. त्याने लोह चांगले शोषले जाते.

• मटण, कलेजी, सुकट यांतले लोह शरीर सहज घेते. आपल्या घरातले हे अन्न खाताना कुणी नाक मुरडले तरी मुलीला लाज वाटू देऊ नका.

• मुलगी माती, खडू, पाटीवरची पेन्सिल खात असेल तर मारू नका. लोह कमी पडले की अशी इच्छा होते आणि त्या मातीतून पुन्हा जंत येतात. तिची तपासणी करा.

• पायात चप्पल हवीच, संडासला जाताना आणि नळावर जातानाही. जेवणाआधी आणि शौचानंतर साबणाने हात धुवा, नखे कापा.

• मेडिक्लोरचे थेंब बऱ्याच जंतूंवर चालतात, पण जिआर्डियाचे कवच टणक असते. घरात कुणाला वारंवार जुलाब होत असतील तर पाणी उकळून प्या. पिंपाला झाकण आणि दांड्याचे ओगराळे ठेवा.

दवाखान्यात कधी जायचे?

हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर महापालिकेच्या आरोग्य केंद्रात जा. तिथे डॉक्टर रोजच्या गोळ्या देतात, साधारण तीन महिने. मधेच सोडू नका. ८ च्या खाली असेल, दम लागत असेल, पाय सुजत असतील तर थेट सिव्हिल हॉस्पिटल गाठा. गोळ्या नीट खाऊनही महिन्याभरात आकडा हलला नाही तर दोन तपासण्या मागा: शौचाची, आणि थॅलेसेमिया-सिकलसेलसाठी रक्ताची. या तपासण्या मागताना संकोच करू नका.

घरातले काम आपण करू. पण झाकलेली गटार, चालू संडास आणि रोजचे स्वच्छ पाणी ही महापालिकेची जबाबदारी आहे. रविवारी विहारात जमाल तेव्हा वस्तीतल्या फुटक्या पाइपांची आणि तुंबलेल्या संडासांची यादी करा, त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या आणि विभागीय कार्यालयात देऊन पोच घ्या. आणि येत्या जंतनाशक दिनाला आपल्या गल्लीतले एकही मूल घरी राहिले नाही ना, ते बघा.