चारही चाकांचा जोर

मोटारीला पुढे कोण ढकलते? वर्गात विचारले तर ‘इंजिन’ हे उत्तर हमखास येते. पण इंजिन चाक फक्त फिरवते. चाक रस्त्याला मागे रेटते आणि रस्ता मोटारीला पुढे ढकलतो. हे ढकलणे घर्षणाच्या जिवावर चालते आणि घर्षणाला मर्यादा असते : चाकावरचा भार गुणिले घर्षणांक. त्याहून अधिक जोर लावला तर चाक जागच्या जागी गरगरते.

१९८० साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ऑडी कंपनीने ‘क्वात्रो’ ही गाडी मांडली. तिच्यावरच हिशेब करू. इंजिन २०० अश्वशक्तीचे, म्हणजे सुमारे १४७ किलोवॅटचे. वजन १३,००० न्यूटन आणि ते चारही चाकांवर सारखे, असे सोयीसाठी धरू. खडीच्या रस्त्यावर घर्षणांक ०.५ मानला, तर चार चाके मिळून ६,५०० न्यूटन बल पेलतील. दोनच चाके ३,२५०. आता सेकंदाला १५ मीटर (ताशी ५४ किलोमीटर) वेग असताना इंजिन जास्तीत जास्त किती बल देऊ शकेल? शक्ती भागिले वेग, म्हणजे ९,८०० न्यूटन. दोन चाकांवर चालणाऱ्या गाडीला यातला जेमतेम एक तृतीयांश भाग वापरता येतो. हाच भागाकार सेकंदाला ४५ मीटर वेगासाठी केला तर उत्तर सुमारे ३,२७० येते. तेवढे दोन चाकेही जवळजवळ पेलतात. म्हणजे ही युक्ती कामाची ठरते ती इंजिन दांडगे, वेग कमी आणि रस्ता निसरडा असताना.

मग चारही चाके इंजिनाला सरळ जोडून का टाकत नाहीत? अडचण वळणावर येते. पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर आहे आणि मागची चाके सहा मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरत आहेत असे समजा. पायथागोरसच्या प्रमेयाने पुढच्या चाकांची त्रिज्या साडेसहा मीटर येते. एका फेरीत पुढची चाके तीन मीटर जास्त चालतात! पुढचे-मागचे आस घट्ट जोडलेले असतील तर कुठले तरी चाक घसटत जाणार. जुन्या जीपमध्ये चिखल संपला की दांडा ओढून पुढची चाके सोडवावी लागत, ती याचसाठी.

क्वात्रोमध्ये दोन आसांच्या मध्ये डिफरन्शियल बसवले होते. गिअरबॉक्समधला एक दांडा पोकळ करून त्यातूनच पुढच्या चाकांकडे जाणारा दांडा नेला, त्यामुळे जीपसारखी जड वेगळी पेटी लागली नाही. आम्हाला या गाडीतली सर्वांत देखणी कल्पना हीच वाटते.

पण डिफरन्शियलचा एक स्वभाव आहे. ते दोन बाजूंना वेगवेगळ्या गतीने फिरू देते, पीळ (टॉर्क) मात्र दोन्हीकडे सारखाच देते. पुढची चाके बर्फावर आली आणि त्यांना जवळजवळ काहीच पीळ पेलवेना, की कोरड्या रस्त्यावरच्या मागच्या चाकांनाही तेवढाच मिळतो! म्हणून चालकाला ते डिफरन्शियल जखडून टाकण्याची सोय दिली होती. खडीवर किंवा बर्फावर चाक थोडे घसटले तरी बिघडत नाही. १९८१ मध्ये मिशेल मुताँ यांनी सानरेमोची रॅली याच गाडीतून जिंकली. जागतिक स्पर्धेतली फेरी जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला.

पुढे ‘टॉर्सन’ डिफरन्शियल आले. त्यातली मळसूत्री दंतचक्रे एक बाजू सैल पडताच आपसांतल्या घर्षणाने आवळतात आणि घट्ट बाजूला, समजा, तिप्पट पीळ देतात. मात्र एखादा आस पुरता हवेत गेला तर? शून्याची तिप्पट शून्यच. निस्सान स्कायलाइन जीटी-आरने १९८९ मध्ये वेगळा मार्ग धरला : एरवी मागची चाके चालवायची आणि ती घसरू लागली की संगणकाने चकत्यांचा क्लच दाबून पुढच्यांनाही जोर द्यायचा. आजच्या काही विजेवरच्या गाड्यांत दोन आसांना दोन स्वतंत्र मोटारी असतात. मधला दांडाच नाही.

यात रस्त्याचे घर्षण मात्र कुणीही वाढवलेले नाही. ब्रेक तर साध्या मोटारीतही चारही चाकांना असतात. सेकंदाला २० मीटर वेग आणि घर्षणांक ०.५ असेल, तर थांबायला किमान ४० मीटर लागतात. क्वात्रोला तेवढेच, साध्या गाडीला तेवढेच. फरक इतकाच, की साध्या गाडीची चाके निघतानाच गरगरतात आणि रस्ता निसरडा असल्याचे चालकाला कळते. चार चाकांची गाडी मुकाट्याने वेग घेते. त्याला ते कळते ब्रेकवर पाय दिल्यावर.