समुपदेशनाचा खर्च : खिशातून की विम्यातून?

कायदा : मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७. अंमल २९ मे २०१८ पासून. कलम २१(४) : शारीरिक आजाराइतकेच विमा संरक्षण मानसिक आजारालाही.

विमा : बहुतेक पॉलिसींत किमान २४ तास भरती आवश्यक. भरती न होता घेतलेल्या समुपदेशनासाठी ओपीडी संरक्षण लागते. क्लेमच्या कागदांवर निदान नोंदले जाते.

खिशातून : निदान विमा कंपनीकडे जात नाही. थेरपिस्ट आणि सत्रांची संख्या आपण ठरवायची. पूर्ण फी आपलीच.

आयुष्मान भारत : पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत, भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी. ओपीडीचा खर्च नाही.

कोण काय करतो : मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, औषधे लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट संवादातून उपचार करतो. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे.

आंजी (मोठी) परिसर : गावात सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे (स्थापना १९६९) ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र. संस्थेच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग. याच रुग्णालयाच्या आरोग्य विम्याचा हप्ता गावकरी एकेकाळी ज्वारीच्या रूपात भरत.

मोफत : टेलि-मानस हेल्पलाइन, १४४१६. २४ तास, मराठीतही. सुरुवात १० ऑक्टोबर २०२२.